एक पॉइंट सहा एक आठ

या जगात खरोखर सुंदर म्हणावीत अशी माणसं किती आहेत, याचा नक्की आकडा ठाऊक असलेला एकच मनुष्य मला आजवर भेटला आहे, आणि तो म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे मामा. आकडा शून्य आहे. हे ते अगदी शांतपणे सांगतात, कुणाला दुखवायचं म्हणून नव्हे. जिला सगळा गाव देखणी म्हणतो अशी एखादी मुलगी समोरून गेली, तर मामा मान हलवून म्हणतात, "चांगली हाय. पर हनुवटी कमी पडली." मग तिच्या हनुवटीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. त्यात त्या मुलीचा काही दोष नाही, तिच्या आईवडलांचा नाही, आणि घडवणाऱ्याला तरी किती बोल लावायचा, त्याच्याकडे तपासणी खातंच नसावं, असं त्यांचं मत आहे.

मामा तळेगावच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला लोखंडी पार्ट घ्यायचा, ड्रॉइंग समोर ठेवायचं, व्हर्नियर लावून माप घ्यायचं, आणि तो पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. व्हर्नियर म्हणजे दोन जबडे असलेली स्टीलची मोजपट्टी. ती त्यांच्या खिशात पेनाशेजारी असे आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिली. मामांनी नापास केलेला पार्ट मोठ्या साहेबालाही पास करवून घेता येत नसे. एकदा एक तरुण इंजिनिअर नोकरी सोडून गेला आणि जाताना टेबलावर एक कागद विसरला. त्यावर बाईचा चेहरा होता आणि चेहऱ्यावर रेघा, बाण, आकडे. चेहऱ्याची लांबी भागिले रुंदी, एक पॉइंट सहा एक आठ. दोन डोळ्यांमधलं अंतर, एका डोळ्याएवढं. असं बरंच काही. त्या इंजिनिअरनं तो गंमत म्हणून कुठून तरी छापून घेतला असणार. पण मामांनी तो पाहिला आणि ते खुर्चीत बसले. ते मला नेहमी सांगतात, "जावईबापू, नटबोल्टाला ड्रॉइंग असतंय, गिअरला असतंय. आन् मानसाला न्हाई, ह्ये मला लय वरसं पटत नव्हतं. त्या दिवशी गावलं."

तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला. तेव्हापासून माणूस दिसला की मामा आधी त्याच्याकडे पाहतात, मग डोळे बारीक करतात, आणि हात खिशाकडे जातो. अनोळखी माणसाच्या तोंडाला व्हर्नियर लावणं बरं नव्हे एवढं भान त्यांना आहे, म्हणून परक्यांना ते लांबूनच, हवेत धरून मापतात. ओळखीच्यांना मात्र सुटका नाही. माझ्या लोणावळ्याच्या दुकानी ते आले की (माझं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे) गिऱ्हाइकांची पासपोर्ट फोटोची पाकिटं माझ्याआधी तेच उघडतात. एकदा भाचीसाठी चिक्की घ्यायला म्हणून त्यांना बाजारात घेऊन गेलो. चिक्कीच्या खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. मामांनी व्हर्नियर काढलं, कपाळ मापलं, नाक मापलं, आणि खोका काउंटरवर परत ठेवला. "ही बाई कानाकडं दोन एमेम जास्त भरती," ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदार मुरलेला होता. त्यानं विचारलं, "काका, चिक्की न्यायची आहे का बाई?" मामांनी दुसरा खोका मागितला. त्याच्यावरही तीच बाई होती.

मी स्वतः त्यांच्या तपासणीतून गेलेलो आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांनी मला पगारपाणी विचारलं, घर स्वतःचं का विचारलं, आणि मुलीचे मामा म्हणून कोपऱ्यात बसलेल्या गृहस्थांनी मला उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. मला वाटलं, यांना डोळ्यांचा काही त्रास असेल. मी तोंड केलं. गार स्टील माझ्या नाकाला लागलं. पोह्यांची ताटली हातात धरून मी श्वास रोखून बसलो आणि सगळी बैठक निकालाची वाट पाहू लागली. "नाक तीन एमेम जादा हाय," मामा म्हणाले, "पर चालवायला अडचन न्हाई. डेविएशन घालून पास करा." पार्ट मापात नसला तरी कामाला चालत असेल, तर कारखान्यात वरच्या सहीनं तो सोडून देतात, त्याला डेविएशन म्हणतात. हे मला नंतर कळलं. बारा वर्षं झाली, सासरच्या मंडळींत माझी ओळख अजून डेविएशनवर सुटलेले जावई अशीच आहे, आणि भांडण झालं की बायको त्या तीन एमेमचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही.

पण मामांना कुणी खडूस म्हटलं की मला राग येतो. नापास करून हातावर हात ठेवून बसणारा हा माणूस नाही. कारखान्यातही ते नापास पार्ट फेकून देण्याआधी रीवर्क करता येईल का ते पाहत. त्यांच्या गावातला एक टेम्पोवाला पस्तिशी गाठली तरी लग्नाचा राहिला होता. चार ठिकाणांहून नकार आलेला. मामांनी त्याला घरी बोलावून मापला, वहीत आकडे मांडले, आणि मिशी ठेवायला सांगितली. कशी, किती जाड, तेही कागदावर काढून दिलं. "वरचा व्हट आन् नाक ह्यांच्यात जागा लय मोकळी पडलीय, ती भरली पायजे." टेम्पोवाल्यानं मिशी राखली आणि दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. मिशीमुळे झालं की तो आरशात पाहून जरा ताठ चालायला लागला म्हणून झालं, कोण जाणे. मामांनी त्या लग्नात आहेराबरोबर एक छोटी कात्री दिली.

मामींचं माप मात्र त्यांनी कधी घेतलेलं नाही. मामी म्हणजे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, लहानपणी गोठ्याच्या उंबऱ्यावर पडून डाव्या भुवईत खोक पडलेली बाई. ड्रॉइंगच्या हिशेबानं त्यांच्यात काय काय कमी भरेल याचा मी मनात अंदाज करून पाहिला आहे आणि लाज वाटून थांबलोही आहे. एकदा धीर करून मामांनाच विचारलं. मी कारखान्याचा पहिलाच नियम मोडल्यासारखं ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चालू मशीनवर माप घेत न्हाईत, जावईबापू. हात जातो."

तर अशा या मामांच्या हातून त्यांच्याच गावाच्या देवीचा चेहरा हरवला.

गाव तिकोन्याच्या पायथ्याच्या बाजूला, पवनेच्या पाण्याजवळ. शनिवार-रविवारी काठावर तंबू ठोकलेले असतात, तरुण मंडळी गाणी लावतात. त्या गाण्यांच्या वरच्या अंगाला झाडीत आईचं देऊळ आहे. आई म्हणजे मूर्ती नव्हे, नुसता तांदळा: उभा, गोलसर दगड. त्याला पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावत आलेले, आणि शेंदरात मेणानं बसवलेले चांदीचे दोन डोळे. नाक नाही, तोंड नाही. शेंदराचे थर वाढत वाढत इतके जाड होतात की कधी तरी, चाळीस-पन्नास वर्षांनी, ती सगळी खोळ आपोआप सुटून पडते. गेल्या वर्षी भाद्रपदात ती पडली. सकाळी गुरवआबा पूजेला गेले तर शेंदराचे तुकडे खाली आणि चांदीचे डोळे त्यांच्यात पडलेले. आईनं खोळ टाकली म्हणजे शुभ मानतात. रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी वाजतगाजत तुकडे पवनेच्या पाण्यात सोडले. आता नवा शेंदूर चढवायचा, डोळे बसवायचे, आणि पंधरा दिवसांनी घट. गुरवआबांचे हात थरथरतात, मोतीबिंदू वेगळाच. देवळात बसून गावानं विचार केला, स्थिर हाताचा माणूस कोण? मामांनी हात वर केला.

मामांनी मला नंतर कबूल केलं, ते ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आईचा डावीकडचा डोळा जरा खाली होता. लहानपणापासून त्यांना तो दिसत होता, आणि ड्रॉइंग मिळाल्यापासून सलत होता. देवाला व्हर्नियर लावायचं धाडस कधी झालं नाही, पण दर वेळी हात जोडताना वाटायचं, एवढं एक नीट झालं तर काय होईल. म्हणून त्यांनी ती दुपार उपाशीपोटी, धुतलेलं धोतर नेसून, अगदी भक्तीनं काम केलं. दगडाची उंची काढली, मध्य काढला, डोळ्यांमध्ये बरोबर एका डोळ्याएवढं अंतर सोडलं, पाणसळ लावून दोन्ही डोळे एका रेघेत आणले. हवालदाराला उभं केल्यासारखी आई सरळ बसली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. टेम्पोवाला म्हणाला, "मामा, आता कशी लायनीत आली!"

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. हळदकुंकू वाहिलं, मागे सरकल्या, एक पाऊल डावीकडे झाल्या, एक उजवीकडे, आणि गप घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी गाभाऱ्याच्या दारात बराच वेळ उभी राहिली आणि गुरवआबांना म्हणाली, "ही दुसऱ्या कुटल्या गावाची वाटती रं." मग सगळ्यांचीच तोंडं उघडली. पूर्वी कुठंही बसा, आई तुमच्याकडे बघायची. आता ती सगळ्यांच्या डोक्यावरून लांब, विजेच्या खांबाकडे बघते. आई बघंना, एवढंच जो तो म्हणू लागला. मामा कुणाचंच ऐकायला तयार नव्हते. माप दाखवत होते, पाणसळ दाखवत होते. पण त्या शुक्रवारी मामी देवळातून आल्या आणि आरतीचं ताट ओट्यावर ठेवून पदरानं तोंड पुसत बसल्या. एवढी वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या आईपुढे बसून मनातलं बोलत. मुलगा काविळीनं आडवा पडला होता ते, मामांच्या कारखान्यात संप झाला होता ते, सगळं त्यांनी तिलाच सांगितलेलं. मामांनी विचारलं, "काय झालं?" मामी म्हणाल्या, "काय न्हाई. चांगली दिसती. पर मला वळखत न्हाई ती. मी काय बोलू तिच्याशी?"

त्या रात्रीपासून मामांचं जेवण सुटलं. दुसऱ्याच दिवशी माझा फोन वाजला. "जावईबापू, आईचे जुने फोटू पायजेत. मिळतील तेवढे. गाव वाट बघतंय आन् घटाला आठ दिवस हायेत." मी सगळ्या नातेवाइकांच्या फोनमधून चाळीसेक फोटो गोळा केले आणि मोठे छापून गावी घेऊन गेलो. मामांनी ते ओसरीवर अंथरले आणि गुडघ्यांवर बसून प्रत्येकावर व्हर्नियर लावलं. एकात डोळा हाराखाली गेलेला, एक तिरका काढलेला, एकात फोटो काढणाऱ्याचाच अंगठा. प्रत्येक फोटोत माप वेगळं. मामांनी सगळ्यांची सरासरी काढली आणि तिसऱ्या दिवशी आईचे डोळे सरासरीवर बसवले. गुरवआबांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "आधी परकी हुती," ते म्हणाले, "आता कंटाळल्यावानी दिसती." हसण्यासारखंच होतं ते, पण त्या दिवशी मामांकडे पाहून कुणाला हसू आलं नाही. ते देवळाच्या पायरीवर बसले होते आणि त्यांचे हात पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या माणसाचे वाटले. "जुनं माप कुटंच न्हाई," ते मला म्हणाले. "माज्या खिशात एवढी वरसं व्हर्नियर होतं आन् मी एकदा बी..."

घटाच्या आधीचा तो मंगळवार होता. मी आणि बायको तिथंच होतो. मामी नेहमीप्रमाणे ताट घेऊन आल्या, नवऱ्याचा चेहरा पाहून त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. मामा हरलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, किती खाली होता त्यो डोळा? कायतरी आठीव." मामी म्हणाल्या, "मला काय ठावं? मी काय मापला व्हता? कुकू लावताना ह्यो अंगठा त्याच्या खाली टेकायचा, एवढं ठावं." आणि त्यांनी हवेत उजवा हात धरून दाखवला. कुंकवाचं बोट कपाळावर, अंगठा डावीकडे खाली, करंगळी उजवीकडे वर. मामा त्या हाताकडे पाहतच राहिले. मग एकदम उठले. "आता कुटं टेकतो?" "कुटंच न्हाई. शेंदरावर सरकतो. म्हनून तर चित्त लागत न्हाई." "अगं येडे," मामा ओरडले, "ह्यो गेज हाय! गेज!" कारखान्यात आकडे न वाचता पार्टला नुसता टेकवून पाहायचा ठरावीक मापाचा साचा असतो, त्याला गेज म्हणतात. मामींना काही कळलं नाही. मामांनी त्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेलं.

गुरवआबांनी प्रार्थना म्हटली. मामांनी डोळे काढले, मेण मऊ केलं, आणि दोन तळहातांवर आईचा एक एक डोळा घेऊन ते बाजूला उभे राहिले. मामींना सांगितलं, डोळे मिट आणि रोजच्यासारखं कुंकू लाव. मामींनी डोळे मिटले. त्यांचा हात क्षणभर अधांतरी थांबला, बोट कपाळावर गेलं आणि बाकीची बोटं आपापल्या जागी जाऊन टेकली. अंगठ्याच्या वर मामांनी एक डोळा ठेवला, करंगळीच्या आतल्या बाजूला दुसरा. पण मामा शेवटी तपासणी खात्यातले. एका मापावर त्यांचा भरवसा नाही. त्यांनी माझ्या बायकोला पाठवून आणखी चार बायका बोलावल्या. कुणाचा हात मोठा, कुणाचा लहान, कुणाचं बोट संधिवातानं वाकलेलं. प्रत्येकीनं डोळे मिटून आपल्या सवयीप्रमाणे कुंकू लावलं आणि सांगितलं. "इवलासा वर घ्या." "जरा भाईर." "न्हाई, हितंच व्हता, माजं नख लागायचं त्याला." मामा केसाएवढं सरकवत होते, पुसत होते, पुन्हा ठेवत होते. शेवटी ती 'दुसऱ्या गावाची' म्हणणारी म्हातारी आली. तिनं हात लावला आणि तो तसाच ठेवून ती रडायला लागली. "आली गं बाई," ती म्हणाली, "आली."

आम्ही सगळे मागे सरकलो. मी काही फार देवभोळा नाही. पण मी दाराच्या अगदी कडेला, चपलांपाशी उभा होतो आणि आई माझ्याकडे बघत होती. मामी खाली मांडी घालून बसल्या आणि त्यांचे ओठ हलायला लागले, इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. मामा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा डोळे पुसत ते म्हणाले, "पार्ट बरोबर होता, जावईबापू. माजंच ड्रॉइंग चुकीचं."

यानंतर मामा सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. परवाच त्यांनी माझ्या दुकानात आलेल्या एका नवरदेवाचा कान नापास केला. मात्र त्यांना एक नवीन खूळ लागलं आहे, आणि हे खूळ पाहून मला हसू येत नाही. त्यांची सून लग्न होऊन आली आहे, तळेगावच्या एका कंपनीत कामाला जाते, सुट्टीच्या दिवशी तिला उशिरापर्यंत झोपायचं असतं. मामा तिला उठवतात आणि देवळात पिटाळतात. "आईला कुकू लावून ये. सोताच्या हातानं." तिला वाटतं, सासरे फार धार्मिक आहेत. मला एकट्याला त्यांनी खरं कारण सांगितलं. "खोळ परत पडंल ती चाळीस-पन्नास वरसांनी. तवा मी न्हाई, ही न्हाई. कुनाच्या तरी हाताला ठावं असाया पायजे." हे बोलताना ते मामींच्या हाताकडे पाहत होते. मामी भाकरी थापत होत्या. काही मापं त्या हाताबरोबरच जाणार आहेत हे त्या माणसाला उशिरा कळलं होतं आणि त्याची भीती त्याच्या आवाजात मला ऐकू आली.

सून परत आली की ते दर वेळी एकच विचारतात, अंगठा कुठं टेकला? ती गोंधळायची. "लक्ष नव्हतं, आबा." पुढच्या खेपेला, "बघितलं नाही." मामा पुढच्या सुट्टीला तिला पुन्हा पिटाळायचे. गेल्या शुक्रवारी तिला सुट्टी होती आणि मीही तिथं होतो. ती देवळातून आली, चप्पल काढता काढता मामांनी विचारलं, आणि ती जरा वैतागूनच म्हणाली, "कुठं म्हणजे काय आबा? डोळ्याखाली. तिथंच जातो तो आपोआप."

मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी तिला थांबवलं नाही, काही समजावलं नाही. ती आत निघून गेली. मग त्यांनी चुलीच्या दिशेनं मान वळवली आणि हळूच हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पोरीचा अंगठा टेकला."